अमेरिकन मिलिशियातला पूर्वज शोधताना: आधी गाव, मग नाव

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता अशी नातवंडं वाढताहेत, ज्यांचे एकीकडचे आजोबा साताऱ्याचे नाहीतर रत्नागिरीचे आणि दुसरीकडचे पेनसिल्व्हेनियाचे किंवा कॅरोलायनाचे. मग कधीतरी सुनेच्या माहेरी किंवा जावयाच्या घरी विषय निघतो, "आमचा कुणीतरी पूर्वज स्वातंत्र्ययुद्धात लढला होता म्हणे." 4 जुलै 2026 ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 250 वर्षं पूर्ण होण्याची तारीख, त्यामुळे हा विषय अलीकडे जास्तच निघतो. तो माणूस कागदोपत्री शोधून नातवंडांच्या हाती द्यावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

बहुतेक जण पूर्वजाचं नाव एखाद्या संकेतस्थळावर टाकतात. समोर त्याच नावाची ढीगभर माणसं येतात आणि त्यातला सर्वांत पराक्रमी दिसणारा 'आपला' ठरतो. तिथेच शोध बिघडतो. मिलिशियातला माणूस नावावरून शोधायचा नसतो. तो गावावरून शोधायचा असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

मिलिशिया म्हणजे कोण

त्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने तीन तऱ्हेचे सैनिक होते. एक, वॉशिंग्टनच्या हाताखालची काँटिनेंटल आर्मी, म्हणजे लांब मुदतीची पगारी फौज. दुसऱ्या, राज्यांनी स्वतःच्या संरक्षणासाठी उभारलेल्या तुकड्या. आणि तिसरी मिलिशिया. मिलिशिया ही नोकरी नव्हती. गावातल्या धडधाकट पुरुषांवर कायद्याने टाकलेली ती जबाबदारी होती. बहुतेक वसाहतींत साधारण 16 ते 60 वयाचे पुरुष यादीत धरले जात. पेनसिल्व्हेनियाने मार्च 1777 च्या कायद्यात 18 ते 53 हे वय ठरवलं. ठरल्या दिवशी मैदानात जमायचं, कवायत करायची आणि बोलावणं आलं की दोन-तीन महिन्यांच्या पाळीवर निघायचं. पाळी संपली की माणूस परत शेतावर. युद्धाच्या काळात एकाच माणसाने अशा तीन-चार पाळ्या केल्या आणि प्रत्येक वेळी कॅप्टन वेगळा होता, असं सर्रास दिसतं.

मिलिशियाच्या तुकडीची ओळख बहुधा अधिकाऱ्याच्या नावाने असे: अमुक कॅप्टनची कंपनी, तमुक कर्नलची रेजिमेंट. कंपनी एका गावाची किंवा एखाद्या ओढ्याकाठच्या वस्तीची, रेजिमेंट साधारणपणे काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). त्यामुळे हजेरीपटात एकाखाली एक येणारी नावं म्हणजे शेजारी, मेहुणे, सासरे, भाऊबंद. गाव कळलं की कॅप्टन कळतो आणि कॅप्टन कळला की माणूस हाती लागतो.

नातवंडांना सांगण्यासारखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. 1775 ते 1782 या काळात आपल्याकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. ऑक्टोबर 1781 मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि 1790 ते 1792 च्या टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या बाजूने लढल्या. दोन्ही आजोळांच्या इतिहासात एकच इंग्रज सेनापती येतो.

पायरी 1: आजपासून मागे जा

आपले कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून सुरू होऊन खाली उतरतात. इथे नेमकं उलटं चालायचं. नातवंडापासून सुरुवात करा आणि एकेक पिढी मागे सरका. प्रत्येक पिढीसाठी तीन प्रश्न: हा माणूस कुठे राहत होता, कधी, आणि हा अमक्याचाच मुलगा हे कुठल्या कागदावर आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पुढची उडी मारू नका. इंटरनेटवर इतरांनी तयार केलेले वंशवृक्ष कुठे शोधायचं ते सुचवतात, पण ते पुरावा नव्हेत.

1850 पर्यंत मागे जाणं तसं सोपं आहे, कारण त्या वर्षापासून जनगणनेत घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव लिहिलेलं आहे. मध्ये 1890 ची जनगणना मिळणार नाही. 1921 च्या आगीनंतर तिचा फार थोडा भाग उरला आहे. त्या वीस वर्षांच्या पोकळीसाठी शहरांच्या डिरेक्टऱ्या आणि करयाद्या वापरा.

खरी चढण 1850 च्या मागे लागते. 1790 ते 1840 च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीची माणसं नुसते आकडे. 1790 च्या काही राज्यांच्या याद्या, उदाहरणार्थ व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीच्या, आज नाहीतच. या टप्प्यात तुमचा आधार काउंटीच्या कोर्टहाउसमधले कागद: मृत्युपत्रं, इस्टेटीच्या वाटण्या, जमिनीची खरेदीखतं. बापाच्या मृत्युपत्रात 'माझी मुलगी अमुक, तमुकची बायको' अशी एक ओळ असते आणि दोन पिढ्या जोडल्या जातात. सुनेकडून येणाऱ्या शाखाही तितक्याच मेहनतीने बघा. स्त्रियांचं माहेरचं नाव सापडलं नाही म्हणून निम्मे पूर्वज अंधारात राहतात.

यातलं बरंच साहित्य फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे, फक्त मोफत खातं उघडावं लागतं. फोल्ड3 आणि ॲन्सेस्ट्री या संकेतस्थळांना पैसे पडतात, पण अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत यातलं एखादं तरी तिथल्या संगणकावर मोफत पाहता येतं. वर्गणी भरण्याआधी वाचनालयात विचारा.

पायरी 2: त्या दिवशी ते गाव कुठल्या काउंटीत होतं?

ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात. आजचा नकाशा 1778 ला लावता येत नाही. केंटकी 1792 पर्यंत व्हर्जिनियात होतं, टेनेसी त्याआधी नॉर्थ कॅरोलायनाचा भाग होतं आणि 1796 मध्ये राज्य झालं. मेन 1820 पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये होतं. वेस्ट व्हर्जिनिया तर 1863 मध्ये निघालं. काउंट्या तर सतत फुटत होत्या. कुटुंब एकाच शेतावर बसून राहिलं आणि वीस वर्षांत तीन काउंट्यांत नोंदलं गेलं, असं घडलेलं आहे. मग हजेरीपट आणि खरेदीखतं मूळ काउंटीच्या नावाखाली शोधावी लागतात.

शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या जुन्या सीमांचा नकाशासंग्रह इंटरनेटवर मोफत ठेवला आहे. तारीख दिली की त्या दिवशीच्या सीमा दिसतात. आपल्या कुटुंबाची जमीन त्यावर शोधा, 1775 ते 1783 मधला प्रत्येक बदल कागदावर टिपून घ्या आणि मगच पुढे जा. न्यू इंग्लंडमध्ये मात्र काउंटीपेक्षा टाउन महत्त्वाचं. जन्म, लग्न, मृत्यू तिथे टाउनच्या दप्तरात असतात.

पायरी 3: हजेरीपट

8 नोव्हेंबर 1800 रोजी वॉर डिपार्टमेंटच्या कचेरीला आग लागली आणि युद्धाचे बहुतेक मूळ कागद जळाले. 1890 च्या दशकात इतर खात्यांतून आणि राज्यांतून उरलेले पट गोळा करून प्रत्येक सैनिकाच्या नावाची कार्डं तयार झाली. ती नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात, एम881 या मायक्रोफिल्मवर आहेत, मूळ पट एम246 वर. मिलिशियाची नावं तिथे आहेत, पण अपुरी. मिलिशिया राज्यांची होती, म्हणून खरं दप्तरही राज्यांकडेच.

मॅसॅच्युसेट्सवाले नशीबवान. त्यांनी 1896 ते 1908 या काळात आपल्या सैनिकांची वर्णानुक्रमे यादी 17 खंडांत छापली. 19 एप्रिल 1775 ला, युद्धाची पहिली गोळी जिथे सुटली त्या लेक्सिंग्टनच्या हाकेला कोण धावून गेलं, किती मैल चालला, किती दिवस होता, हे त्या पटांत आहे, कारण त्यावरूनच पैसे मिळायचे. लेक्सिंग्टनच्या कंपनीत प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा गुलाम होता आणि त्या सकाळी तो जखमी झाला. कृष्णवर्णीय कुटुंबांनीही हे पट जरूर तपासावेत. मिलिशिया म्हणजे फक्त गोरे शेतकरी, हे चित्र 1792 च्या राष्ट्रीय कायद्याने पक्कं केलं. त्याच्या आधीची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे.

पेनसिल्व्हेनियात नीट लक्ष द्या. तिथे प्रत्येक कंपनीचे आठ वर्ग पाडलेले होते आणि वर्गानुसार बोलावणं निघे. पटात नाव असणं म्हणजे फक्त तो माणूस वयात बसत होता आणि त्या वस्तीत राहत होता. तो प्रत्यक्ष पाळीवर गेला का, हे वेगळ्या पटात किंवा पगाराच्या नोंदीत दिसतं. कित्येकांनी दंड भरला, कित्येकांनी बदली माणूस पाठवला, आणि क्वेकर पंथाचे बहुतेक लोक धर्माच्या कारणाने गेलेच नाहीत. राज्याच्या आर्काइव्ह्जची कार्डं इंटरनेटवर आहेत. त्यांवर प्रत्यक्ष सेवेचा उल्लेख आहे का ते वाचल्याशिवाय 'सैनिक' हा शब्द वापरू नका.

दक्षिणेकडे हजेरीपटापेक्षा पैशाचे कागद बोलके. नॉर्थ कॅरोलायनात पगाराची व्हाउचरं, साउथ कॅरोलायनात कोलंबियाच्या दप्तरातली हिशेबतपासणीची प्रकरणं, व्हर्जिनियात सैन्याने घेतलेल्या गुराढोरांच्या आणि धान्याच्या भरपाईचे दावे. 7 ऑक्टोबर 1780 ला किंग्ज माउंटनवर डोंगरापलीकडून आलेले लोक लढले आणि घरी परतले. तिथे आपला पूर्वज होता असं सांगणारी घरं खूप, पट मात्र तुटपुंजे. अशा वेळी पुढची पायरीच कामाला येते.

पायरी 4: पेन्शनची फाइल

एकच कागद मिळणार असेल तर हा मिळावा. नॅशनल आर्काइव्ह्जच्या एम804 या संग्रहात सुमारे 80,000 फाइली आहेत. त्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या कॅटलॉगवर मोफत आणि फोल्ड3 वरही दिसतात. एम805 या संग्रहात मात्र फाइलीतले निवडक कागदच आहेत. तिथे पाहून थांबू नका, पूर्ण फाइल उघडा.

मिलिशियावाल्यांसाठी 1832 हे साल लक्षात ठेवायचं. 1818 च्या कायद्याने फक्त काँटिनेंटल फौजेतल्या गरजू सैनिकांना पेन्शन दिली होती. 7 जून 1832 च्या कायद्याने मिलिशियाची सेवा धरली: एकूण दोन वर्षं भरली तर पूर्ण पगार, निदान सहा महिने असेल तर त्या प्रमाणात. सेवेचे कागद जळालेले, म्हणून सत्तरी-ऐंशीतल्या म्हाताऱ्यांनी काउंटीच्या कोर्टात उभं राहून शपथेवर आपली हकीकत सांगायची. त्यांना प्रश्न ठरलेले होते. जन्म कुठे, कधी? वयाची नोंद कुठे आहे? बोलावणं आलं तेव्हा राहत कुठे होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात, आता कुठे? स्वखुशीने गेलात, सक्तीने नेलं, की दुसऱ्याच्या बदली? कुठले अधिकारी बरोबर होते? सुटकेचा कागद मिळाला होता का? तुमच्या खरेपणाची ग्वाही देणारे शेजारी कोण?

वंशावळ शोधणाऱ्याने स्वतः बसून प्रश्न काढले असते तरी यापेक्षा चांगले निघाले नसते. या उत्तरांतून माणसाची अख्खी वाटचाल मिळते: जन्म न्यू जर्सीत, भरती नॉर्थ कॅरोलायनात, म्हातारपण इंडियानात. ही हकीकत सावकाश वाचा, जमलं तर मोठ्याने. पन्नास वर्षांनंतरची आठवण आहे, सालं चुकतात, दोन मोहिमा एकमेकींत मिसळतात. कॅप्टनची नावं आणि नद्या ओलांडण्याच्या जागा मात्र बहुधा पक्की असतात. ग्वाही देणाऱ्यांची नावं स्वतंत्र उतरवून घ्या. त्यातले काही नातेवाईक निघतात, आणि त्यांच्या फाइलींत तुमच्या माणसाचा उल्लेख असण्याची शक्यता मोठी.

फाइलीच्या क्रमांकाआधी अक्षर असतं. 'एस' म्हणजे स्वतः सैनिकाला मिळालेली पेन्शन, 'डब्ल्यू' म्हणजे विधवेची, 'आर' म्हणजे फेटाळलेला अर्ज. माझ्या मते विधवांच्या फाइली सर्वांत श्रीमंत. 1836 च्या कायद्याने, सेवा संपण्याआधी लग्न झालेल्या विधवांना हक्क मिळाला, 1838 मध्ये लग्नाची मर्यादा 1794 च्या सुरुवातीपर्यंत आली, 1848 मध्ये 1800 पर्यंत आणि 1853 मध्ये ती उठलीच. लग्न सिद्ध करायला या बायकांनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नांची पानं फाडून वॉशिंग्टनला पाठवली. जर्मन कुटुंबांनी रंगीत वेलबुट्टीची जन्मपत्रकंही पाठवली. ती पानं आजही फाइलींत आहेत. मुलांची नावं आणि जन्मतारखा एका पानावर, आईच्या हातची.

'आर' दिसलं की निराश होऊ नका. अर्ज फेटाळण्याची कारणं बहुतेक कोरडी असत: सहा महिने भरत नाहीत, पुरावा अपुरा, लग्न उशिरा. माणूस खोटा होता असं त्यातून निघत नाही आणि हकीकत तर तशीच पूर्ण असते.

दक्षिणेतल्या लढायांसाठी 'सदर्न कॅम्पेन्स रेव्होल्यूशनरी वॉर पेन्शन स्टेटमेंट्स अँड रोस्टर्स' या संकेतस्थळावर हजारो जबान्या टाइप करून ठेवल्या आहेत. तिथे माणसाऐवजी कॅप्टनचं नाव, ओढ्याचं नाव, किल्ल्याचं नाव शोधा. गावावरून माणूस शोधण्याची पद्धत इथे सर्वांत सुंदर चालते.

आणखी दोन नोंदी. 1840 च्या जनगणनेत युद्धाच्या पेन्शनरांची नावं, वय आणि ते कुणाच्या घरी राहत होते हे लिहिलं आहे. बहुधा ते घर मुलाचं किंवा जावयाचं. आणि 1855 च्या कायद्याने 14 दिवस सेवा केलेल्यालाही 160 एकर जमिनीचा हक्क मिळाला. पेन्शन न मिळालेल्यांचे अर्जही त्यामुळे सापडतात.

जुनं हस्ताक्षर वाचताना: शब्दाच्या मधला 'एस' लांब आणि 'एफ'सारखा दिसतो. 'जे-एन-ओ' म्हणजे जॉन, 'डब्ल्यू-एम' म्हणजे विल्यम. आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून, म्हणून ते उच्चाराप्रमाणे पाच-सहा तऱ्हांनी टाकून पाहा.

फाइलच नसेल तर

लेक्सिंग्टनच्या कंपनीचा कॅप्टन जॉन पार्कर क्षयाने सप्टेंबर 1775 मध्ये गेला. युद्धाची पहिली गोळी जिथे सुटली तिथे जो कॅप्टन होता, त्याच्या जबानीची फाइल असूच शकत नव्हती. 1832 आधी वारलेले बहुतेक मिलिशियावाले असेच. त्यांच्यासाठी पगाराची व्हाउचरं, कर आणि दंडाच्या याद्या, निष्ठेच्या शपथांच्या याद्या बघा.

डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन ही 1890 ची संस्था सैनिकी सेवेखेरीज सैन्याला रसद देणं, नागरी पद सांभाळणं, निष्ठेची शपथ घेणं हेही देशसेवा म्हणून मानते, स्त्रियांनी केलेलंसुद्धा. त्यांच्या संकेतस्थळावर पूर्वजांची सूची मोफत पाहता येते. तुमचा माणूस तिथे असेल तर अर्धं काम झालं. मात्र काही नावांपुढे 'पुढच्या अर्जदाराने सेवा किंवा वंश पुन्हा सिद्ध करावा' अशा अर्थाची टीप असते, ती वाचा. सुरुवातीच्या काळातले अर्ज आजच्या कसोटीला उतरत नाहीत.

आणि तो माणूस राजाच्या बाजूचा निघाला तर? तेही घडतं, शेजारी शेजारी घरं दुभंगली होती. अशा वेळी शोध लंडन आणि कॅनडाच्या दप्तरांकडे वळवा आणि नातवंडांपासून ते लपवू नका.

अमेरिका आणि इंग्लंडमधल्या 1812 च्या युद्धातल्या मिलिशियासाठी कृती हीच. त्या युद्धाच्या पेन्शनी 1871 आणि 1878 च्या कायद्यांनी मिळाल्या. स्वयंसेवकांच्या सेवेची सूची एम602 वर आहे, पेन्शनच्या फाइली फोल्ड3 वर मोफत. इतक्या जुन्या कागदांसाठी सेंट लुईसच्या सैनिकी दप्तरखान्याला लिहू नका. तिथे विसाव्या शतकातले कागद असतात, हे सगळं वॉशिंग्टनला.

एका नावाची दोन माणसं

शेवटी हे कोडं पडतंच. एकाच काउंटीत एकाच नावाचे तिघे असतात. कागदात 'सीनियर' आणि 'ज्युनियर' दिसलं म्हणून बाप-लेक समजू नका. त्या काळी ते नुसतं वयाने मोठा आणि लहान दाखवत, काका-पुतणे असोत की नातं नसलेले शेजारी.

वेगळं करण्यासाठी प्रत्येकाचा स्वतंत्र तक्ता करा: बायकोचं नाव, जमीन कुठल्या ओढ्यावर, शेजारी कोण, कॅप्टन कोण, वय, 1790 नंतर कुठे गेला. खरेदीखतात बायको सही करते किंवा संमती देते, तिथून तिचं नाव घ्या. करयादीत एकरांचा आकडा वर्षानुवर्षं सारखा राहतो, त्यावरून माणूस ओळखू येतो. सही हा फार चांगला पुरावा. पेन्शनच्या जबानीखाली, लग्नाच्या हमीपत्रावर आणि मृत्युपत्राखाली सह्या शेजारी ठेवून पाहा. मात्र काउंटीच्या वहीतल्या खरेदीखताच्या नकलेवर सही कारकुनाच्या अक्षरात असते, ती तुलनेला धरू नका. एकजण झोकात सही करतो आणि दुसरा फुलीचं निशाण करतो, एवढ्यावरूनही कधी दोघे सुटे होतात. फक्त म्हातारपणी हात थरथरतो, म्हणून सही करणाऱ्याने उतारवयात फुली मारलेली असू शकते. तेव्हा सही एकटी पुरेशी धरू नका. बायको, जमीन आणि कॅप्टन यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्या तरच त्या तक्त्यावर आपल्या घराचं नाव लिहा. जुळत नसेल तर तिन्ही तक्ते जपून ठेवा आणि त्याच कंपनीतल्या शेजाऱ्यांच्या फाइली एकेक करून वाचायला घ्या.